मूठ दाबणारा हात

जालन्याच्या दवाखान्यातून कौसाबाई गेल्याचा फोन आला, तेव्हा तिचा नवरा रामकिसन मिस्त्री भोकरदनच्या शेडमध्ये एका पोकलेनचा गळका डिझेल पंप खोलून बसला होता. पंप तसाच टाकून तो निघाला.

तेरावं उरकून परतल्यावर त्याने नवं सील घालून पंप चढवला. आता नळ्यांत शिरलेली हवा तेवढी काढायची होती. हे काम दोघांचं. एकाने इंजिनच्या पलीकडून पंपाची मूठ दाबत राहायची, दुसऱ्याने अलीकडे नट ढिला करून डिझेल बघायचं आणि बुडबुडे थांबले की "बस" म्हणायचं. मूठ नेहमी कौसाबाई दाबायची. चारदा दाबायची, बांगड्या वर सारायची, पुन्हा दाबायची.

"मामा, जल्दी करा. पंपाचं बारसं करून राह्यले का?" पोकलेनचा मालक कल्याण दारातून म्हणाला.

"मंग ये की, मूठ दाब."

रामकिसनने नट ढिला केला. फेसाळ डिझेल चारदा उसळलं, थांबलं, पुन्हा चारदा उसळलं.

"बराबर दाबून राह्यला रे. कुणी शिकवलं?"

"मी कुठं दाबलं? मी इथंच दारात हाय."

रामकिसन पलीकडे जाऊन बघून आला. मुठीवर त्याच्याच बोटांचे काळे ठसे होते, दुसरे नव्हते. त्याने परत नटाला पाना लावला. डिझेल उसळलं. मधल्या थांबण्यात काचेचा बारीक आवाज आला. कौसाबाईला हिरवा चुडा भरूनच सरणावर नेलं होतं.

बुडबुडे संपले. डिझेल स्वच्छ येऊ लागलं.

"झालं का, मामा?"

"बस" म्हणायचं तेवढं राहिलं होतं.