शेवटची मोजणी

सातव्या दिवशी सकाळी शालनताईंनी काचेच्या बशीवरचं झाकण काढलं आणि मोजायच्या आधी वास घेतला. कारळ्याची चटणी महिनाभर डब्यात विसरली की येतो तसा. खवट.

ओल्या टीपकागदावर शंभर बिया होत्या. चिमट्याने एकेक उलटत त्यांनी मोजल्या. नव्व्याण्णव फुगून मऊ पडलेल्या. एकीला मोड.

"एकीला आलाय की, मॅडम!" मागून सुदर्शन म्हणाला. जुनी गावरान बियाणी जपणाऱ्या त्यांच्या संस्थेच्या नव्या कॉम्प्युटर विभागाचा हा तरुण प्रमुख. बीजचाचणीचा हा एक आकडा भरला की त्याची बियाण्यांची यादी पुरी होणार होती आणि इंटरनेटवर जाणार होती.

हा कारळा पंचवीस वर्षांपूर्वी धायरीच्या माळावरच्या मुक्ताईंनी दिलेला, पदराच्या गाठीत बांधून आणलेला. रजिस्टरात त्यांच्याच नावाने चढला, मुक्ताई कारळा. त्या माळावर आता सोसायट्या आहेत. बाल्कनीत तुळस असेल, कारळा नाही. उरलेलं सगळं बी संस्थेच्या थंड खोलीतल्या एका डब्यात होतं. त्यातल्या दोन बशा आधीच वाया गेल्या होत्या. या शेवटच्या शंभर.

थंड खोलीचा स्टॅबिलायझर दोन वर्षांपूर्वी कॉम्प्युटरच्या खोलीत नेला, 'दोन दिवसांसाठी'. तो परत आला नाही, आणि विजेच्या चढउतारात थंड खोलीचं यंत्र बंद पडलं. कागदावर सही शालनताईंचीच. मग त्यांनाही तिथेच बसवलं, जुनी रजिस्टरं वाचून दाखवायला. दोन वर्षं त्या गार हवेत बसून खणखणीत आवाजात बियाण्यांची नावं वाचत होत्या, आणि खालच्या मजल्यावर तीच बियाणी उकडत होती. एकदाही खाली जाऊन दार उघडून पाहिलं नाही, याची त्यांना आता इतकी लाज वाटत होती की सुदर्शनकडे बघवेना.

"ज्वारी तर झकास उगवली, मॅडम. तीही त्याच खोलीत होती. मग हेच का मेलं?"

"ज्वारीची शिदोरी पिठाची. याची तेलाची." शालनताई बशीकडे बघतच बोलल्या. "पाणी लागलं की बी आपलं तेल फोडतं, त्याची साखर करतं आणि तेवढ्यावर उजेडापर्यंत जातं. पान हिरवं झालं की मग स्वतःचं कमावतं. पण तेलच खवट झालं, तर निघणार कशाच्या जिवावर?"

"हे एक निघालंय ना पण."

शालनताईंनी भिंग धरलं. मोड चौथ्या दिवशीच थांबला होता. टोक तपकिरी पडलेलं. पानांच्या डोक्यावर काळ्या टरफलाची टोपी तशीच अडकलेली. जे उभं राहणार नाही ते उगवलं म्हणून मोजायचं नाही, हे त्या तीस वर्षं शिकाऊ मुलींना सांगत आल्या होत्या. मुली रडकुंडीला यायच्या. ताईंनी कधी एक आकडा सोडला नव्हता.

"मॅडम, एक टाका," सुदर्शन हळूच म्हणाला. "शून्य टाकलं की प्रोग्राम नावच काढून टाकतो. मीच तसा लिहिलाय. एक असला की ठेवतो. मुक्ताईंचं नाव तरी राहील."

मुलगा चांगला होता. त्याच्यावर रागही धरता येईना.

"आणि उद्या कुणी बी मागायला आलं, की काय देणार आहात? प्रिंट?"

सुदर्शनने बशीवर झाकण ठेवलं.

दोघं वर गेले. कॉम्प्युटरची खोली छान गार होती. सुदर्शनने यादी उघडून खुर्ची पुढे सरकवली. शालनताईंनी चष्मा पुसला, आपणच वाचून दाखवलेलं ते नाव एकदा मनात वाचलं आणि एका बोटाने शून्य दाबलं.

मुक्ताई कारळा गेला. त्याची जागा रिकामीसुद्धा राहिली नाही. खालची ज्वारी वर सरकली.