ग्रीटच्या सायकलीला परका हात

औडेनार्डेच्या दगडी चढांवर सायकल मारणारे सगळे माझ्याच दुकानात येतात. माझा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "दुखतं कुठे?" मग स्टेम, म्हणजे हँडल पुढे धरणारा तो दांडा, मी ज्याच्या त्याच्या अंगाला बेतून बसवतो.

रविवारी माझी बायको, ग्रीट, क्लबच्या फेरीहून आली आणि मी बघतच राहिलो. तिच्या सायकलीला मी हौसेनं बसवलेला, शर्यतवाल्यांसारखा पुढे वाकवणारा बारा सेंटिमीटरचा स्टेम गायब आणि तिथे नऊचा!

"कुणी हात लावला हिला?"

"सेपेनं. पलीकडच्या गावातल्या सायकलवाल्यानं."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. "त्या कालच्या पोराकडे गेलीस? एवढ्या आखूड स्टेमनं उतारावर हँडल बावचळतं, कळतं का त्याला?"

"कळतं. वळणावर जपून, म्हणाला. पण चार वर्षांत आज पहिल्यांदा मान न चोळता घरी आलेय."

"असं काय केलं त्यानं, जे मला येत नाही?"

ग्रीटनं हेल्मेट खुंटीला अडकवलं.

"त्यानं विचारलं, 'दुखतं कुठे?'"