मुस्तांगच्या धुळीची तयारी

नेपाळमधल्या मुस्तांग भागात मोटारसायकलने पाच दिवस फिरायचे, असे आम्ही तिघा मित्रांनी ठरवले, तेव्हा वाटेतल्या धुळीचा प्रश्न वकारने तत्काळ सोडवला. खामगावातल्या त्याच्या कृषी केंद्रात फवारणी करणाऱ्या मजुरांना फुकट वाटायचे मास्क, चष्मे आणि हातमोजे येऊन पडले होते. कपाशीच्या फवारणीतून होणाऱ्या विषबाधेवर प्रबंध लिहिणारा मी. त्यातला सर्वांत चांगला मास्क कोणता, हे अर्थातच मला कळत होते. तो मीच घेतला.

सगळे अंगावर चढवून आम्ही फोटो काढत होतो, तेवढ्यात हबीब दारात आला. परवा फवारताना तो चक्कर येऊन पडला होता. डोळे अजून लाल होते.

"वकारभाई, ते फुकटचे मास्क आले काय? उद्या पुन्हा फवारणी हाय."

"माल कुठी आला अजून? हे तं आमच्या टूरचे हायेत. नेपाळले जाऊन राह्यलो आम्ही."

मी मास्कची पट्टी आणखी घट्ट केली. हबीबने आम्हा तिघांकडे आळीपाळीने पाहिले आणि तो खरोखरच्या काळजीने म्हणाला,



"जपून जाजा, सर. तिकडची हवा लय जहरी दिसते."