बागेचं पाणी

मांडीवरच्या कुंडीतल्या मोगऱ्याला बारावं पान फुटलं होतं, जेमतेम चार मिलिमीटरचं. मंगळावरच्या एकुलत्या एका बागेची राखणदार मृदुला केळुसकर ते न्याहाळत होती, तेवढ्यात मतदानयंत्राने तिसऱ्यांदा तिचं नाव पुकारलं. इथे मत उमेदवारांसमोर मोठ्याने सांगायचं, अशी रीत होती.

राष्ट्राध्यक्षपदासाठी दोघं उभे होते. वर्तकांनी दोन वादळांतून वस्ती सुखरूप बाहेर काढली होती, पण राखीव पाणी निम्म्यावर आणलं होतं. पाणीकोठार सांभाळणाऱ्या फातिमाबींनी नेतृत्व कधीच केलं नव्हतं, पण एक थेंब वाया घालवला नव्हता. त्या आल्या, तर आधी बागेचंच पाणी बंद होणार होतं.

"ठरव गं आता," नवरा म्हणाला, "मागच्या निवडणुकीत तर मत न देताच वेळ संपवलीस."

"फातिमाबी, वादळ आलं तर?" मृदुलाने विचारलं.

"वर्तकांना विचारीन. ते माझ्याकडे पाणी मागताना कधी लाजले? मग मी कशाला लाजू?"

सगळे हसले, वर्तकसुद्धा.

मृदुलाने मोगऱ्याची कुंडी नवऱ्याच्या हातात दिली. "ही घरी ने. आपल्या वाट्याच्या पाण्यात एवढी जगेल."

मग ती यंत्रासमोर उभी राहिली आणि म्हणाली, "फातिमाबी."