न सांगितलेला विचार

बाळ खांद्यावर रडत होतं आणि ती भिंतीला पाठ टेकवून उभी होती. समोर खिडकी. चौथा मजला. जाळी होती, कडीही घातलेली होती. तरी तो विचार आलाच. हात सुटले तर? मीच सोडले तर? तिने मुलीला इतकं आवळून धरलं की ती आणखी जोरात रडायला लागली.

बाळंतपणानंतर हा विचार पहिल्यांदा आला तेव्हा तिच्या घशाखाली घास उतरेनासा झाला होता. नवऱ्याने डॉक्टरांकडे नेलं. झोप लागत नाही, सारखं रडू येतं, एवढंच तिने तिथे सांगितलं. खिडकीचं सांगितलं तर मुलगी काढून घेतील, अशी तिची खात्री होती. औषधं सुरू झाली. झोप लागू लागली, रडू थांबलं. विचार मात्र ठाण मांडून बसला.

तेव्हापासून सासूबाई येऊन राहिल्या होत्या. शाळेत गणित शिकवून निवृत्त झालेल्या, मोजकंच बोलणाऱ्या. त्यांचा मुलगाच पाठीमागे त्यांना 'फौजदार' म्हणायचा. त्यांचा एक डोळा सतत सुनेवर असे. ती बाळाला आंघोळ घालायला लागली की त्या बाथरूमच्या बाहेर उभ्या राहत. दार लोटू देत नसत. आत येऊन मदत करतील तर तेही नाही. आपल्याला वेडी ठरवून टाकलंय, असं सुनेने मनाशी पक्कं केलं होतं. म्हणून ती हसून दाखवायची, सगळं ठीक आहे म्हणायची. नाटक इतकं छान वठलं की काल नवरा आईला म्हणाला, "आता तू परत गेलीस तरी चालेल."

आज संध्याकाळची त्यांची गाडी होती. उद्यापासून घरात फक्त ती आणि मुलगी.

रडणं ऐकून सासूबाई दारात आल्या. "काय झालं?"

"काही नाही."

"घामाने भिजलीयेस."

आणखी एकदा 'काही नाही' म्हटलं की सुटका होती. ते तिच्या ओठांवर आलंही होतं. पण ती पुढे झाली आणि मुलीला तिने सासूबाईंच्या हातात दिलं.

"आई, तुम्ही जाऊ नका. मी डॉक्टरांना खोटं सांगितलं. हिच्याबद्दल फार वाईट विचार येतात माझ्या मनात. मला नको असतात, तरी येतात. ह्यांना फोन करायचा असेल तर करा. पण मला एकटीला ठेवू नका."

सासूबाई नातीला घेऊन खुर्चीवर बसल्या. चेहरा पांढराफटक पडला होता. आता त्या फोन उचलणार, मग सगळं संपणार, म्हणून ती उभीच राहिली. बाळ हुंदके देत देत शांत झालं.

"कशाचा विचार?" त्यांनी हळूच विचारलं. "पाण्याचा?"

तिला कळलं नाही. "नाही. खिडकीचा."

"माझा पाण्याचा होता." त्या फरशीकडे बघत होत्या. "तुझ्या नवऱ्याला वर्ष होईपर्यंत मी आंघोळ घातली नाही. कंबर दुखते म्हणायचे. सगळ्यांनी आळशी ठरवलं मला. ठरवू दिलं."

सून त्यांच्या पायाशी खाली बसली. "मग गेला कधी?"

"विरळ झाला. पण हिची आंघोळ चालू असली की अजूनही माझं पाऊल आत पडत नाही. तुझ्या डोळ्यांतली भीती मला ओळखीची वाटायची, म्हणून बाहेर उभी राहायचे. विचारायचं धाडस झालं नाही."

मग सुनेने डोळे पुसले. "डॉक्टरांना फोन लावते. खरं काय ते सांगते."

"लाव," सासूबाई म्हणाल्या. नातीला त्यांनी छातीशी नीट धरलं. "आणि वेळ दोघींची घे."