हीनाचा पहिला शब्द

देऊळघाटच्या अजीजुन्निसाची हीना अकरा वर्षांची झाली, तरी तिच्या तोंडून कधी एक शब्द फुटला नव्हता. शाळेत स्नेहलता मॅडमच्या टॅबलेटवर मात्र ती चित्राला बोट लावायची आणि यंत्र तिच्या वतीनं बोलायचं, ‘पाणी पाहिजे’, ‘पोट दुखतंय’. नव्या धोरणात सरकार असं यंत्र फुकट देणार असल्याचं मॅडमनी सांगितलं, म्हणून मायलेकी बुलढाण्याच्या तपासणी शिबिरात सकाळपासून रांगेत बसल्या.

नंबर आला, तेव्हा साहेबांनी फायलीतून मान वर न करताच विचारलं, “नाव सांग बाळ तुझं.”

“तिले बोलता येत नाही साहेब. त्याच्यासाठीच तर आलो,” अजीजुन्निसा म्हणाली.

“ते आम्ही ठरवू,” म्हणत साहेबांनी हीनाची हनुवटी धरली आणि तिच्या तोंडात टॉर्चचा उजेड मारला. पोर भेदरली. आईची ओढणी मुठीत आवळून ती ओरडली, “अम्मी.”

अजीजुन्निसाला हुंदका आवरेना. तिनं लेकीला छातीशी धरलं. “आयकलं का साहेब तुम्ही? अकरा वर्सांत पहिल्यांदा बोलली हो माही पोरगी.”

साहेबांनी अगदी नीट ऐकलं होतं. गोरगरिबांचं इतक्या तत्परतेनं ऐकणारा माणूस त्या शिबिरात दुसरा नव्हता. त्यांनी लगेच अर्ज पुढे ओढला आणि लाल शाईनं शेरा मारला,



“मुलीला बोलता येते. अपात्र.”