आधीपासूनचे डाग

थोरलीने उशीचा अभ्रा आठपदरी दुमडला, त्यावर इस्त्री टेकवून दहापर्यंत आकडे मोजले आणि ती गरम घडी कुर्त्याखाली, थेट पोटाशी धरली. डोळे आपसूक मिटले.

समोरच्या टेबलावर तिची धाकटी जाऊ शर्टाची कॉलर दाबत होती. "ताई, आज कितव्यांदा?"

"पहिल्यांदाच."

"चौथ्यांदा. मी मोजतेय."

"मोजायला शर्ट कमी पडले का गं तुला?"

दोघी जावा, एक खोली, दोन इस्त्र्या. सकाळपासून ओल्या सुताचा ऊन ऊन वास खोलीत भरून राहिला होता. थोरलीने घडी बाजूला ठेवून कोट ओढला, बाहीत हात घातला आणि तशीच टेबलाच्या कडेवर वाकली. कोट खाली पडला. तो तिने उचलला नाही. पडलेला कपडा थोरली उचलत नाही, हे धाकटी पहिल्यांदाच पाहत होती.

तिने धावत जाऊन थोरलीला खुर्चीत बसवलं. बसवताना कुर्ता वर सरकला. बेंबीच्या वर पोटभर तपकिरी जाळी उमटली होती. इस्त्री कापडावर जरा जास्त रेंगाळली की जो करपट रंग चढतो, तोच.

धाकटीचा हात सवयीने ओल्या फडक्याकडे गेला. तिने हलकेच पुसून पाहिलं.

"नाही जात," थोरली म्हणाली. "मी साबणानेही घासून पाहिलंय."

"दुखतंय कधीपासून?"

"दुखणं कसलं, जरासं..."

"हे 'जरासं' तुम्ही आपल्या डॉक्टरांनाही सांगता. मग ते पित्ताच्या गोळ्या देतात आणि तुम्ही हसत परत येता. याने थांबलं नाही तर पोटाच्या तज्ज्ञांकडे पाठवतो, असं म्हणाले होते ना ते? काय सांगितलंत त्यांना?"

"थांबलं म्हणून."

"का?"

थोरलीने कुर्ता नीट केला. "तू एकटी दोन इस्त्र्या कशी ओढशील?"

धाकटीने खणातून चिठ्ठ्यांची वही काढली. या दुकानात कपडा हातात घेतला की आधी चिठ्ठी लिहायची: बटण तुटलेलं, खिशाला शाई, कॉलर विरलेली. इस्त्री त्यानंतर. नियम थोरलीचाच होता. कपडा कुणाचाही असो, चिठ्ठीत काही लपवायचं नाही.

"बोला. आधीपासून काय काय आहे?"

"वेड लागलं का गं तुला? मी काय गाठोडं आहे?"

"गाठोडंच. तेही निरगाठीचं." धाकटीने पहिली ओळ स्वतःच लिहिली: पोटावर शेकून पडलेले डाग. "बोला."

थोरली हसायला गेली आणि पोटात कळ आली. हसू ओठांवरच मोडलं. मग घट्ट काजातून बटण काढावं तसा तिने एकेक शब्द बाहेर काढला.

"वरच्या पोटात. मधोमध. कधी पाठीपर्यंत जातं."

"कधीपासून?"

"सात महिने झाले."

"झोपेतून उठवतं?"

"उठवतं."

"वाळलात किती. हा कुर्ता सैल कसा नाही झाला?"

"झाला होता. दोनदा आत घेतला मी."

धाकटीची पेन्सिल क्षणभर थांबली, मग पुन्हा चालू लागली. "गोळ्या?"

"अंगदुखीच्या घेते. रोज दोन, कधी तीन. त्याशिवाय उभं राहवत नाही बाई."

"झालं?"

थोरलीने हात पुढे करून पेन्सिल मागितली. शेवटची ओळ तिने स्वतः लिहिली आणि वही उलटी करून परत दिली.

धाकटीने वही सुलटी केली. वाकड्या अक्षरांत लिहिलं होतं: तीन दिवस शौचाला डांबरासारखं काळं होतंय.

तिने फोन उचलला आणि डॉक्टरांना चिठ्ठी जशीच्या तशी वाचून दाखवली. एक शब्द गाळला नाही, एकही मऊ केला नाही. शेवटच्या ओळीला पलीकडे खुर्ची सरकल्याचा आवाज आला.

"पोटात रक्तस्राव होत असणार. मोठ्या इस्पितळात न्या. आत्ताच्या आत्ता, गाडीने. खायला प्यायला काही देऊ नका. त्या अंगदुखीच्या गोळ्या बंद, शेकणंही बंद. पोटाच्या तज्ज्ञांशी मी बोलतो." मग ते म्हणाले, "हे मला आधी कुणी का सांगितलं नाही?"

"आता सांगतोय," धाकटी म्हणाली. तिने दुसरा फोन करून गाडी बोलावली आणि शटरची किल्ली शोधू लागली.

"अगं, हे चार कोट आजचे आहेत," थोरली म्हणाली. "शब्द दिलाय मी."

"ताई."

एवढंच. पण त्या हाकेत रागही होता, आर्जवही होतं आणि आईविना वाढलेल्या मुलीचा सगळा हट्ट होता. थोरलीने तिच्याकडे एकदा नीट पाहिलं. मग टेबलाचा आधार घेत ती स्वतः उठली आणि आपल्या इस्त्रीचं बटण बंद केलं. दोन पावलं टाकून धाकटीच्या इस्त्रीचंही केलं.

शटर अर्धं खाली आलं तेवढ्यात शाळेचे मास्तर कपड्यांची पिशवी घेऊन हजर झाले.

"हे काय? भरदुपारी दुकान बंद? अहो बाई, सकाळी शाळेत मोठे साहेब येणार आहेत. माझं उद्याचं काय?"

धाकटी उत्तर द्यायला वळली, पण थोरलीने तिला हाताने थांबवलं. एवढ्यात गाडी येऊन उभी राहिली.

"मास्तर," ती म्हणाली, "उद्याचंच विचारायला चाललेय." आणि दार उघडून आधी तीच आत बसली.